‘आमच्या हद्दीत येत नाही’: शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी फिर्याद कुठे द्यायची आणि घाबरायचं कशाला

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची पत्नी हिंजवडीहून काम आटोपून येत होती. रात्री पावणेदहाच्या सुमारास पुण्यातल्या मुंबई–बेंगळुरू बाह्यवळणाच्या सेवा रस्त्यावर, नदीच्या पुलाच्या जरा अलीकडे, दुचाकीवरच्या दोघांनी तिच्या हातातला मोबाईल ओढला. तिने सोडला नाही म्हणून ढकललं, कोपर सोलवटलं, मनगट सुजलं. जवळच्या ठाण्यात गेलात तर ‘पुलाच्या पलीकडचं आहे, आमच्याकडे येत नाही’. पलीकडे गेलात तर ‘सेवा रस्ता त्यांचा’. शेवटी रात्री एक वाजता मोबाईल ‘गहाळ’ झाल्याचा कागद घेऊन घरी आलात. आता तुमचं विचारणं असं की हे कायद्यात बसतं का, शहराच्या कडेचा हा पट्टा खरंच जास्त धोक्याचा आहे का, आणि त्याच पट्ट्यात बुक केलेला फ्लॅट ठेवावा की सोडावा.

ठाण्यांची नावं तुम्ही कळवलीत, मी ती घेत नाही. नावं बदलून हीच हकिगत कात्रजपासून चाकणपर्यंत कुणीही सांगेल. मी पोलीस खात्यात शहरातही होतो आणि ग्रामीणलाही, ठाणं चालवलं, आता निवृत्त आहे. कायदा काय म्हणतो ते सांगेनच, पण रात्री साडेदहाला ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्यात तक्रार घ्यायला बसलेल्या पोलिसाच्या, डोक्यात काय चाललेलं असतं तेही सांगतो. ते कळलं नाही तर नुसतं कलम पाठ असून फारसा उपयोग होत नाही.

आधी सरळ उत्तर. तुमची फिर्याद पहिल्याच ठाण्यात घ्यायला हवी होती. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(१) प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कोणत्याही भागात घडलेला असो. ती तोंडी देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते; तशी दिली तर ३ दिवसांच्या आत सही करावी लागते. हद्द आपली नसेल तर ‘शून्य’ क्रमांकाने गुन्हा दाखल करायचा आणि ज्यांची हद्द त्यांच्याकडे वर्ग करायचा, तिथे त्याला त्यांचा गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. झिरो एफआयआर ही पद्धत परिपत्रकांतून आधीही होती. नव्या संहितेने ती कायद्याच्या मजकुरातच बसवली. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलं. फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यायची.

आता कलमाचा मुद्दा, कारण तुमच्या प्रकरणात सगळं तिथेच अडलंय. हातातली वस्तू झटकन ओढून नेली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पण चोरी करताना मुद्दाम इजा केली, अडवलं किंवा धाक दाखवला तर ती जबरी चोरी, कलम ३०९. तिची शिक्षा १० वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर केली असेल तर १४ वर्षांपर्यंत. सेवा रस्ता महामार्गात धरायचा की नाही यावर वकील भांडतील, भांडू द्या. तुमच्या पत्नीला ढकललं आहे आणि इजा झाली आहे, म्हणजे पहिल्या नजरेत ही जबरी चोरी आहे. फरक फक्त शिक्षेचा नाही. ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ठाणं वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करत बसू शकतं. जबरी चोरीत ती पळवाट नाही. आणि ‘गहाळ’ या नोंदीत तर गुन्हाच नाही, त्यामुळे तपासही नाही. कुणी कॅमेरे बघणार नाही, कुणी पंचनामा करणार नाही. तो कागद डुप्लिकेट सिमकार्ड काढण्यापुरता.

मग ठाणे अंमलदार असं का करतो? दरवेळी तो आळशी किंवा उर्मट असतो असं नाही. ठाण्यात दर महिन्याला गुन्ह्यांचा आढावा होतो. दाखल किती, उघड किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती. मोबाईल हिसकावण्याचे गुन्हे दाखल होतात भराभर आणि उघडकीस येतात रडतखडत. प्रत्येक एफआयआर म्हणजे कुणाच्या तरी टेबलावर एक प्रलंबित फाईल. त्या रात्री ठाण्यात माणसं मोजकी, कुणी नाकाबंदीला, कुणी बंदोबस्ताला, कुणी आरोपी घेऊन रुग्णालयात. अशा वेळी समोरचा माणूस ‘पुलाजवळ’ म्हणाला की सुटकेचा रस्ता आयताच मिळतो. मी हे समर्थन म्हणून सांगत नाही. ‘आमचा आकडा वाढेल’ हे कारण कुणी तोंडावर सांगत नाही, त्याऐवजी ‘हद्द’ सांगतात, एवढं ओळखा.

हद्दीचा गोंधळ कधी कधी खराही असतो, हेही मान्य केलं पाहिजे. ठाण्याची हद्द शासनाच्या अधिसूचनेने ठरते, गावं आणि भाग नोंदवून. त्यावर नंतर उड्डाणपूल येतात, सेवा रस्ते येतात, नदीपात्रात भराव पडतो. ड्यूटीवरचा हवालदार परवाच बदलून आला असेल तर त्याला पुलाचा कोणता खांब कुणाचा हे खरोखर ठाऊक नसतं. पण म्हणूनच तर झिरो एफआयआर आहे. हद्द शोधण्याचं काम पोलिसांचं आहे, फिर्यादीचं नाही. शिवाय गुन्हा नेमका कोणत्या भागात घडला हे अनिश्चित असेल, किंवा थोडा इथे थोडा तिथे घडला असेल, तर त्यापैकी कुठल्याही ठिकाणी तो चालवता येतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९८ तेच सांगतं. पीएमपीच्या चालत्या बसमध्ये खिसा कापला गेला तर प्रवासातल्या गुन्ह्यासाठी वेगळी तरतूद आहे, कलम २०३. ‘बस कुठे होती तेव्हा?’ या प्रश्नावर कुणी हात झटकत असेल तर ते ऐकून घेऊ नका.

पुण्यात हे प्रकरण इतकं चिघळलंय त्याला शहराचा नकाशा कारणीभूत आहे. पुणे शहर पोलीस आयुक्तालय १९६५ चं. तेव्हाची कड आज शहराच्या मध्यात येते. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र आयुक्तालय झालं. पुणे शहरातली काही ठाणी आणि ग्रामीणची चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही ठाणी त्यात गेली. २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद ग्रामीणमधून पुणे शहरात आली. २०२४ मध्ये शहरात बाणेर, खराडी, वाघोली, आंबेगाव, नांदेड सिटी, फुरसुंगी, काळेपडळ अशी सात नवी ठाणी निघाली. ठाणी वाढणं चांगलंच आहे, लोकांना पोलीस जवळ येतो. पण प्रत्येक नवं ठाणं म्हणजे नवी कडही असते.

त्यात महापालिकेची हद्द आणि पोलिसांची हद्द एक नाही, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. बावधन बुद्रुक त्या २३ पैकी एक. कर पुणे महापालिकेचा, पण बावधन पोलीस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचं. हिंजवडीत ग्रामपंचायत आहे, एमआयडीसी आहे, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे आणि पोलीस पिंपरी-चिंचवडचे. औंध आणि सांगवी यांच्यामध्ये फक्त मुळा नदी, बोपोडी आणि दापोडी यांच्यामध्ये हॅरिस पूल. पूल ओलांडला की पोलीस आयुक्त बदलतो. नदीत मृतदेह दिसला की तो कुठल्या काठाला लागला आहे याकडे दोन्ही बाजूंचे लोक आधी का बघतात, हे खात्यात राहिलेल्यालाच कळेल. एकाच चौकात कचरा एकाचा, दिवा दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा आणि चौकी चौथ्याची, अशी स्थिती मी बघितली आहे.

तर आता तुमचा दुसरा प्रश्न. कडेचा भाग जास्त धोक्याचा का? आकडे बघून याचं उत्तर मिळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात २० लाखांवर लोकसंख्येच्या १९ महानगरांमध्ये पुणे येतं, पण त्यातून वाकडच्या चौकाबद्दल किंवा सूसच्या रस्त्याबद्दल काही कळत नाही. शिवाय त्या अहवालात एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतात. आणि ‘गहाळ’ म्हणून परत पाठवलेला तुमच्यासारखा माणूस तर कुठेच मोजला जात नाही. त्यामुळे ‘अमुक भाग सर्वांत सुरक्षित’ अशा याद्या दिसल्या की मला हसू येतं.

माझं मत विचाराल तर कडेला राहणारी माणसं मध्यवस्तीतल्या माणसांपेक्षा गुन्हेगार नसतात. नाना पेठेत आणि कोथरूडात कसे खून पडले ते २०२४ मध्ये सगळ्यांनी बघितलंय, ती काही शहराची कड नव्हे. धोका असतो तो जबाबदारी तुटते त्या जागेत. सेवा रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर तक्रार कुणाकडे करायची हे ठरेपर्यंत महिना जातो. दोन ठाण्यांच्या गस्ती आपापल्या टोकाला येऊन मागे वळतात आणि मधला दोनशे मीटरचा तुकडा दोघांच्याही वहीत नसतो. हिसकावणाऱ्याला कायद्यातलं काही कळत नाही, पण हे मात्र त्याला नेमकं कळतं. तो जागा निवडतो ती पळून जायला सोपी अशी: उताराचा रस्ता, पुलाचं तोंड, महामार्गाला लागणारं वळण. पाच मिनिटांत तो दुसऱ्या आयुक्तालयात असतो, अर्ध्या तासात ग्रामीणमध्ये.

कड म्हणजे नुसती नदीच नव्हे. बाणेर-पाषाण टेकडीसारखी शहराच्या पोटातली टेकडीही कडच असते. बोपदेव घाट तर कोंढव्याच्या बाजूने शहर आणि उतरलं की सासवडचा रस्ता. ऑक्टोबर २०२४ मधल्या तिथल्या अत्याचाराच्या घटनेत आरोपींच्या मागावर जाण्यासाठी पोलिसांना घाटाच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवरचे कॅमेरे लांबपर्यंत तपासत जावं लागलं.

एक गोष्ट मात्र लोकांना खटकायला हवी आणि खटकत नाही. प्रकरण मोठं झालं की हद्द विरघळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या एसटी स्थानकात अत्याचाराचा गुन्हा घडला. आरोपी शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावी पळाला, म्हणजे पुणे ग्रामीणमध्ये. शहराचे पोलीस तिथे गेले, ड्रोन आणि श्वानपथक घेऊन उसाचे फड पालथे घातले, गावकरी मदतीला आले आणि दोन-तीन दिवसांत आरोपी हाती लागला. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुणे शहर पोलिसांनी मेफेड्रोन या अमली पदार्थाचा माग काढला तो दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत, पुढे सांगली आणि दिल्लीपर्यंत. तिथे कुणी ‘आमच्याकडे येत नाही’ म्हटलं नाही. म्हणजे यंत्रणेला हद्द ओलांडता येते. ती ओलांडली जात नाही ती तुमच्या मोबाईलसाठी, शेजारणीच्या मंगळसूत्रासाठी, रात्री फोडलेल्या गाड्यांच्या काचांसाठी.

आणि याच बारीक गुन्ह्यांवर पुढची पोरं तयार होतात. कोयता घेऊन गाड्या फोडणाऱ्यांमध्ये अल्पवयीन मुलं किती असतात हे पुण्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. कागदावर त्यांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. ज्या ठाण्याच्या हद्दीत तो मुलगा राहतो तिथल्या बीटवरच्या (त्या भागाची गस्त सांभाळणाऱ्या) हवालदाराला त्याचं नाव, त्याचा बाप, त्याचा कट्टा सगळं ठाऊक असतं. पण तो उद्योग करतो नदीपलीकडे. पलीकडच्या ठाण्याला तो अनोळखी चेहरा. दोन हवालदार एकमेकांचे नंबर ठेवून असतील तर फुटेजमधला चेहरा एका फोनवर ओळखला जातो. नसतील तर तोच चेहरा ‘अज्ञात इसम’ म्हणून फाईल बंद होते. संगणक प्रणाली आली, सगळी ठाणी जोडली गेली, तरी हा फोन अजून माणसानेच करायचा असतो.

तडीपारीचंही तसंच. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ मधल्या कलम ५५ ते ५७ खाली सराईताला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दपार करता येतं. पुण्यात आदेशात बहुधा एक ठरलेलं वाक्य असतं: पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण हद्दीतून तडीपार. तिन्ही का? एकट्या शहरातून काढला तर तो दापोडीत जाऊन बसणार. पण क्षेत्र मोठं केलं की उच्च न्यायालयात प्रश्न येतो: गुन्हे एका भागात, मग सगळ्या जिल्ह्यातून का काढला, कारणं कुठे लिहिली आहेत? कारणं नीट लिहिलेली नसली की आदेश रद्द होतो. कागदाच्या कामाचा कंटाळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना हे महागात पडतं. आणि आदेश टिकला तरी माणूस सातारला किंवा नगरला मुकाट बसून राहतो असंही नाही. आई इथे, बायको इथे, उधारी इथे. रात्री येतो, पहाटे जातो. सापडला तर कलम १४२ खाली अटक, आणि ही अटक होते ती बहुतेक वेळा खबऱ्यामुळे किंवा गल्लीतल्या कुणीतरी फोन केल्यामुळे. तुमच्या भागातला तडीपार परत दिसला तर सांगायला हरकत नाही. नाव गुप्त ठेवायला सांगा, ठेवतात.

आता त्या रात्रीबद्दल. तुम्ही आधी ठाण्यात गेलात. तसं करायचं नव्हतं, आधी ११२ लावायचा होता. यात दोन फायदे असतात. कॉलची वेळेसकट नोंद होते, ती कुणाला नाकारता येत नाही. आणि गाडी पाठवायची ती कुठल्या आयुक्तालयाची हे तुम्हाला ठरवावं लागत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. महाराष्ट्राचा ११२ चा फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो. तिकडच्या मुलीला ‘वड्याच्या गाडीच्या पुढे, जुन्या ऑक्ट्रॉय नाक्याच्या अलीकडे’ यातलं काही कळणार नाही. मोबाईलवरून तिच्या पडद्यावर येणारं ठिकाण ढोबळ असतं, पुलाजवळ ते पलीकडच्या काठावर दिसू शकतं. म्हणून आधी शहर, मग रस्त्याचं नाव, कुठल्या दिशेची बाजू, आणि जवळची ठळक पाटी: पेट्रोलपंप, रुग्णालय, सोसायटीचं नाव. महामार्गावर किलोमीटरचा दगड दिसला तर तो आकडा सर्वांत उत्तम. घटना घडली तिथेच, सुरक्षित जागी, थांबा. गाडी तुमच्यापर्यंत आली की जागा पोलिसांनी स्वतः पाहिलेली असते आणि ‘पलीकडचं’ म्हणायला जागा उरत नाही.

दुसरा फोन बँकेला. हल्ली हिसकावलेल्या मोबाईलची किंमत त्याच्या काचेत नसते, आत उघड्या असलेल्या पैशाच्या ॲपमध्ये असते. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक.

बाईमाणसावरच्या लैंगिक गुन्ह्यात तर हद्दीचा शब्दही ऐकून घेऊ नका. अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सश्रम कारावास आहे. अशा पीडितेवर सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं. औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम, ससून, जे जवळ असेल तिथे आधी जायचं. पण हेच कलम १९९ मोबाईलच्या चोरीसाठी ठाण्यात दाखवू नका; त्यात ठरावीक गुन्हेच येतात, आणि समोरच्याला ते माहीत असेल तर तुमचंच वजन कमी होतं. अर्धवट वाचून आलेल्या माणसाला ठाण्यात कसं गुंडाळतात ते मी बघितलेलं आहे.

तुमच्या प्रकरणात अजून वेळ गेलेली नाही. खरी घाई फुटेजची आहे. बहुतेक सोसायट्या आणि दुकानांचं रेकॉर्डिंग १५ ते ३० दिवसांत आपोआप पुसलं जातं, काहींचं त्याच्याही आधी. हद्दीच्या वादात अपमान होतो तो होतोच, पण खरं नुकसान हे की कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, कोरा होतो. उद्याच पुलाच्या दोन्ही अंगांच्या सोसायट्यांच्या सचिवांना, पंपवाल्याला, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला लेखी पत्र द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं रेकॉर्डिंग पोलीस मागतील तोवर जपून ठेवावं. पोचेवर सही घ्या. तुम्हाला प्रत दिली तर घ्या, पण मूळ यंत्रात राहू द्या. कोर्टात ते चालायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते काम तपास अधिकारी करेल. आणि कृपा करून ती क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. दुचाकीवरच्या पोरांच्या ओळखीचं कुणीतरी त्या ग्रुपच्या दोन पायऱ्या पलीकडे असतंच; गाडीचा नंबर त्याच रात्री बदलतो.

मग रुग्णालय. सूज अजून असेल तर आजच तपासून घ्या, एक्स-रे काढा आणि इजा कशी झाली ते डॉक्टरांना कागदावर लिहायला सांगा. जबरी चोरीतला ‘जबरी’ भाग त्या कागदावर उभा राहतो.

त्यानंतर ठाण्यात लेखी अर्ज. लांबण लावू नका, एक पान पुरे. तारीख, वेळ, ठिकाण, दोघांचं वर्णन, कपडे, गाडीचा रंग, ती कुठल्या दिशेला गेली, ढकललं कसं. मग स्पष्ट वाक्य: ‘त्या रात्री ही घटना मोबाईल गहाळ अशी नोंदवली गेली, प्रत्यक्षात तो बळजबरीने हिसकावला आहे, तरी गुन्हा दाखल करावा.’ उशीर का झाला तेही लिहा, दोन ठाण्यांत पाठवलं गेलं ते वेळेसकट. कारण सांगितलेला उशीर प्रकरण मारत नाही, न सांगितलेला मारतो. पत्नीने स्वतः जावं, फिर्यादी ती आहे. तुम्ही सोबत असा. ठाणे अंमलदाराशी वाद घालण्याऐवजी ‘वरिष्ठ निरीक्षक साहेबांना भेटायचंय’ म्हणा आणि बसून राहा. निम्मी कामं बसून राहिल्याने होतात.

तरी नाही म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) तुम्हाला तो अधिकार देतं. तिथेही हाललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, कलम १७५(३). माझा अनुभव असा की उपायुक्त कार्यालयातून एक फोन आला की प्रकरण कोर्टापर्यंत जात नाही. गुन्हा दाखल झाल्यावर ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती विचारायला लाजू नका.

पोलिसांचा कागद, बिलावरचा किंवा खोक्यावरचा आयएमईआय (प्रत्येक मोबाईलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि त्याच नंबरचं नवं सिम हातात आलं की संचार साथीच्या सीईआयआर सेवेवर तो मोबाईल बंद करून घ्या. कुणी दुसरं सिम घालून चालू करायला गेलं तर त्याचा माग पोलिसांना लागतो. परत मिळालेल्या मोबाईलांचे जे कार्यक्रम आयुक्तालयात होतात, हार-तुरे आणि फोटोंसकट, त्यातले पुष्कळ फोन असेच सापडलेले असतात.

राहिला फ्लॅट. या एका घटनेवरून सोडू नका. मी असतो तर पाहिलं असतं ते वेगळं. बिल्डर गेटवरचे कॅमेरे दाखवतो, तीन स्तरांची सुरक्षा दाखवतो; गेटच्या आत बहुतेक काही होत नाही. बसथांबा किंवा मेट्रो स्टेशनपासून गेटपर्यंतचा तुकडा रात्री साडेनऊला पायी चालून बघा, दोघांनी मिळून, एकदा आठवड्याच्या दिवशी आणि एकदा रविवारी. दुकानं किती वाजता बंद होतात, दिवे किती लागतात, पादचाऱ्याला पदपथ आहे की तो महामार्गाच्या कडेनेच चालतो. मग त्या दिव्यांचं बिल कोण भरतं ते विचारा: महापालिका, पीएमआरडीए, महामार्ग प्राधिकरण की बिल्डर. बिल्डर म्हणाला तर सोसायटी हस्तांतरित झाल्यावर ते कुणाकडे जाणार हे लेखी घ्या. पत्ता कोणत्या ठाण्यात येतो ते त्या ठाण्यात जाऊनच विचारा, सेल्स ऑफिसवर विसंबू नका. बीटवरच्या अंमलदाराचं नाव आणि चौकीचा नंबर घ्या. राहायला गेलात आणि पुढे भाड्याने दिलात तर भाडेकरूची माहिती त्याच आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर भरायची आहे, शेजारच्या नव्हे; यात चुकलं तर मालकावर येतं. आणि कडेच्या सोसायट्यांनी एक करावं असं मला फार वाटतं: नदीच्या दोन्ही काठांच्या सोसायट्यांनी मिळून, दोन्ही ठाण्यांच्या निरीक्षकांना एकाच दिवशी, एकाच खोलीत बोलवावं आणि मधल्या तुकड्याची गस्त कोण घालणार हे दोघांच्या समोर विचारावं. वेगवेगळं विचारलंत तर दोघेही पलीकडे बोट दाखवतील.